महादेवची खरी जर्सी

कोन गावची मालू मढवी पनवेलच्या उरण नाक्यावर भाजी विकायला बसायची. तिच्याकडची भेंडी कोवळी असायची, वालाच्या शेंगा ताज्या असायच्या. पण तिच्या टोपलीपाशी थांबणारी माणसं बऱ्याचदा भाजीपेक्षा नवऱ्याबद्दलच बोलायची. "महादेव मढवीची बायको ना तुम्ही? आम्ही बघितलाय त्याचा खेळ." मालू मान हलवायची आणि एखादी मूठ जास्त घालायची.

महादेव कबड्डीपटू. सत्तरच्या दशकात तो राज्याच्या संघातून खेळला. पनवेल-उरण भागात त्याची चढाई बघायला लोक सायकली दामटत यायचे. नंतर गुडघा गेला, तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी लागली, आणि एकोणनव्वद साली काविळीनं तो गेला. मागे मालू, मुलगा प्रणित, आणि पेटीत जपून ठेवलेली राज्य संघाची मरून रंगाची जर्सी.

त्र्याण्णव साली दाजी मोकल तिच्या घरी आले. दाजी म्हणजे या भागातले सर्वांत मानाचे पंच. त्यांनी शिट्टी वाजवली की हरलेला संघही मुकाट मैदानाबाहेर जायचा. महादेवच्या कितीतरी सामन्यांना तेच पंच होते आणि सामना संपला की मालूच्या हातचं जेवून जायचे. त्यांच्याबरोबर सुहास खोपकर नावाचा माणूस होता. त्याचं पनवेलमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान होतं.

"वहिनी, यांच्या दुकानात जुन्या खेळाडूंच्या वस्तू मांडायच्यात," दाजी म्हणाले. "महादेवची जर्सी काचेत लावू. नव्या पोरांना कळू दे, कोण माणूस होऊन गेला."

"परत मिळंल ना?" मालूनं विचारलं.

"माझा शब्द आहे."

दाजींचा शब्द म्हटल्यावर मालूनं पेटी उघडली. खोपकरकडे बघून तिनं जर्सी दिली नसती. त्याचे डोळे सारखे भिंतीवरच्या महादेवच्या फोटोकडे जात होते. जाता जाता त्यानं तोही मागून घेतला.

पुढच्या वर्षी पळस्प्याजवळच्या एका हॉटेलात मालू भाजी पोचवायला लागली. हॉटेल नवं होतं, पुण्याला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबायच्या. एक दिवस मालकानं, अंकुश शेटनं, हिशोबासाठी तिला आत बोलावलं. गल्ल्यामागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत मरून जर्सी होती. शेजारी महादेवचा फोटो. मालू जागच्या जागी थांबली.

"ही माज्या मालकांची," ती म्हणाली.

अंकुश शेट खूश झाला. "काय सांगता! अहो, मग तर सोन्याहून पिवळं. बघा, सगळं पक्कं आहे." त्यानं चौकटीखालचे दोन कागद दाखवले. एक खोपकरचं गॅरंटी कार्ड. खेळाडूनं प्रत्यक्ष सामन्यात वापरलेली जर्सी, खोटी ठरल्यास पूर्ण पैसे परत. दुसरा दाखला. वस्तू आपण स्वतः तपासली असून विक्रेत्याशी आपला काहीही संबंध नाही, असं लिहून खाली सही होती. दाजी मोकल, पंच.

"म्हंजे इकली त्यानी?" मालूला एवढंच सुचलं.

"विकलीच ना. माझ्या मित्राच्या फार्महाऊसवर पण आहे एक. त्यानंच मला दुकान सांगितलं."

"कनाची?"

"यांचीच. महादेव मढवींची."

"ह्यांच्याकं एकच होती," मालू म्हणाली.

अंकुश शेटचा चेहरा उतरला. त्यानं चौकट खाली उतरवली, मालूला गाडीत बसवलं आणि तडक खोपकरचं दुकान गाठलं.

दुपारची वेळ होती. पुढे बॅटी, कॅरमबोर्ड, रबरी चेंडू. मागच्या खोलीत दाजी चहा पीत बसले होते. त्या खोलीत दोरीवर महादेवच्या आणखी जर्स्या वाळत घातल्या होत्या. सगळ्या मरून, सगळ्यांवर पाच नंबर. कोपऱ्यात पत्र्याच्या टपात चहाचं गढूळ पाणी होतं, त्यात एक भिजत पडली होती. आणि खोलीभर घामाचा असा आंबूस वास की अंकुश शेटनं नाकाला रुमाल लावला.

खोपकर जराही दचकला नाही. "शेट, गॅरंटी आहे ना? पैसे घेऊन जा. मी कुठे नाही म्हणतो?"

"पण घामाचे डाग? मला तर म्हणाला होतात, मैदानावरचे आहेत."

"घाम अस्सल आहे," खोपकर हसला. "मार्केटमधल्या हमालांना घालायला देतो आठवडाभर. स्वच्छ कपडा कोण विकत घेतो? लोकांना वास लागतो."

मालू दोरीपाशी गेली. "माजी कनची यातली?"

खोपकरनं दाजींकडे पाहिलं. दाजींनी कपात.

"तुमची फारच कोरी होती, वहिनी," खोपकर म्हणाला. "तीही हमालांना घालायला द्यावी लागली. नंबर पण नव्यानं छापला. आता कुठली ते..." त्यानं खांदे उडवले. "तुम्ही कुठल्याही एकीवर बोट ठेवा. तुम्ही म्हणाल ती खरी. दाजी लगेच दाखला देतील, तुम्ही अंगठा द्या. खुद्द बायकोचा अंगठा! शेट, असा माल तुम्हाला मुंबईत मिळणार नाही."

मालूनं एकेक जर्सी हातात घेतली. शिवण बघितली, गळा बघितला, कापड चुरगाळून बघितलं. तिला ओळखता येईना. जी जर्सी तिनं इतकी वर्षं डांबरगोळ्या घालून जपली, ती यातली कुठली, का ती आधीच कोणाच्या भिंतीवर गेली, काही कळेना. प्रत्येकीला परक्या माणसांच्या काखांचा वास येत होता. ती दुकानाबाहेर धावली आणि गटारापाशी बसून ओकली.

दाजी पाण्याचा तांब्या घेऊन मागे आले. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. शेवटी नाव महादेवचंच मोठं होतंय."

"तुमी जेवलाव माज्या घरी," मालू म्हणाली. त्यांच्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही.

तिला वाटलं, निदान अंकुश शेट तरी काही करील. तो बाहेर आला तेव्हा चौकट त्याच्या काखेतच होती. खोपकरनं त्याला पैसे परत केले होते आणि चौकटही त्यालाच ठेवू दिली होती, तोंड बंद राहावं म्हणून. "भिंत मोकळी दिसते हो," तो मालूची नजर चुकवत म्हणाला. "गिऱ्हाईक थांबून बघतं." मालूनं त्याच्याकडे भाजी टाकणं त्या दिवसापासून बंद केलं.

कोनमध्ये दर वर्षी जत्रेच्या सुमाराला महादेव मढवी स्मृती चषक व्हायचा. मुख्य पंच दाजी, आणि चषक मालूच्या हस्ते. त्या वर्षी ती स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या जगनकडे गेली. घडलं ते सगळं सांगितलं आणि म्हणाली, "दाजी शिट्टी मारनार असतील तं ह्यांचं नाव काढा."

जगन महादेवचा चेला. त्याला चढाई महादेवनं शिकवली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "काकी, तुजा खरा हाय. पन दाजी नसलं तं मोठे संघ येनार नाय. लोकांना काय, दाजींची सही बघायची सवय."

दुसऱ्या दिवशी वेशीवर कापडी फलक लागला. त्यावर 'कोन चषक' लिहिलं होतं. महादेवचं नाव काढलं होतं, दाजींचं ठेवलं होतं, आणि प्रायोजक म्हणून खोपकरच्या दुकानाचं नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरांत होतं.

प्रणित गावच्या संघात होता. त्यानं आईला विचारलं, "मी खेलू का नको?"

"खेल," मालू म्हणाली. "खेलात काय खोट नाय."

ती स्वतः गेली नाही. प्रणित खेळला, संघ उपांत्य फेरीत हरला. बक्षीस समारंभात खोपकरनं विजेत्या कर्णधाराची घामानं भिजलेली जर्सी सगळ्यांदेखत मागून घेतली आणि दाजींनी तिथेच दाखल्यावर सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे प्रणितनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मालू तांदूळ निवडत होती. "वाजवू दे," एवढंच म्हणून ती निवडत राहिली.

पुढे खोपकरनं वाशीला मोठं दुकान काढलं. दाजींना जिल्ह्याच्या सभेत शाल मिळाली.

शाल मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांनी दाजी उरण नाक्यावर आले. मालूच्या टोपलीपाशी थांबून त्यांनी एक भेंडी उचलली, टोक मोडून बघितलं. "कोवळी आहे. अर्धा किलो द्या, वहिनी."

"तुमाला नाय द्यायची," मालू म्हणाली आणि टोपलीवर ओलं फडकं टाकलं.

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. दाजींच्या हातात ती मोडलेली भेंडी तशीच होती. त्यांनी ती हळूच फडक्यावर ठेवली आणि ते शेजारी भाजी विकणाऱ्या रंभाकडे वळले. रंभानं मालूकडे एकदा पाहिलं, मग खाली मान घालून तराजू उचलला.