तीन शिट्ट्यांचं वरण

माझे कान चांगले आहेत. ही बढाई नाही, माझी नोकरीच तशी होती. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक कॉल जोडून द्यायचे. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर तोंडात एकच वाक्य, "हॅलो, ऐकू येतंय का?" कितीही खरखर असली तरी मला हवा तो आवाज त्यातून वेगळा काढता यायचा. आमच्या सुपरवायझर बाई नव्या मुलींना सांगायच्या की हिच्यासमोर कुजबुजूसुद्धा नका. म्हणून अमेरिकेत हर्नडनला, पोटच्या पोराच्या घरी, माझ्या कानांवर संशय घेतला गेला तेव्हा मला किती राग आला असेल ते वेगळं सांगायला नको.

सुरुवात वरणापासून झाली.

कुकर मी नागपूरहून बॅगेत घालून आणला होता. सुनेकडे विजेवर चालणारं भांडं आहे. बटण दाबलं की ते मुकाट शिजवतं आणि मुकाट बंद होतं. मला असल्या मुक्या भांड्याचा भरवसा वाटत नाही. आपल्याकडे कुकर कुणी बघत बसत नाही, ऐकतात. बाई कपडे वाळत घालत असते, शेजारणीशी बोलत असते, पण मनाचा एक कोपरा शिट्ट्या मोजत असतो. माझ्या कुकरमध्ये तुरीच्या डाळीला तीन लागतात. तिसरी झाली की बोलणं अर्धवट टाकून बाई आत जाते आणि गॅस बंद करते. लग्न झाल्यापासून माझं वरण कधी कच्चं राहिलं नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये ते राहायला लागलं. पहिल्यांदा मी डाळीला दोष दिला. इथे दुकानात कुठली जुनाट डाळ विकतात कोण जाणे! दुसऱ्यांदा कुकरची रिंग बदलली. तिसऱ्यांदा मुलगा जेवताना थांबला आणि म्हणाला, "आई, आज पण?" चौथ्यांदा त्याने वाटी बाजूला सारली. सुनेने गुपचूप सगळ्यांच्या वाट्या उचलल्या, वरण त्या मुक्या भांड्यात ओतलं आणि बटण दाबलं. ती काही बोलली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. ती बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

पुढचा घोळ मात्र मीच घातला. रोज सकाळी मी मागच्या अंगणातल्या लाकडी डेकवर बसून माझ्या ताईला फोन लावते. ती नागपूरला असते, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. ताईला कमी ऐकू येतं आणि आता फारसं काही आठवतही नाही. एकाच फोनमध्ये ती मला चारदा विचारते, "कधी येऊन राहिली तू?" मीही चारदा सांगते, येईन गं लवकर. त्यामुळे फोनवर मला ओरडावं लागतं, "हॅलो, ताई, ऐकू येतंय का?" तर एकदा फोन ठेवून मी आत आले, आणि मागून अंगणातून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येतंय का?"

मी परत बाहेर गेले. कुणी नव्हतं. कुंपण, गवत, नातीची सायकल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. आवाज बारीक, घोगरा, शब्द जरा चुरगाळलेले, पण चाल नेमकी एक्स्चेंजची, 'येतंय'वर उचलून 'का'वर सोडलेली. मी जेवणाच्या टेबलावर सरळ सांगून टाकलं की तुमच्या अंगणात कुणीतरी माझ्याशी मराठीत बोलतं.

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने ताटाकडे पाहिलं. ती नजरानजर मला इतकी स्वच्छ समजली की मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"आई," मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशीचं पण असंच सुरू झालं होतं ना?"

हो, असंच. ताई गॅस विसरायची. ताईला दारात माणसं दिसायची. आमच्या आईलाही शेवटी आम्ही ओळखू येत नव्हतो. मुलाने नवीन काही सांगितलं नव्हतं. मी स्वतःशी जे बोलत नव्हते तेवढं तो मोठ्याने बोलला होता, आणि म्हणून मी त्याच्यावरच्या रागाने भांडी आपटली.

त्यातून वेळही वाईट होती. सून तोवर घरून काम करायची. आता सप्टेंबरपासून तिला रोज ऑफिसला जायचं होतं. आमची नात तेव्हा दुसरीत जाणार होती. तिची शाळेची बस दुपारी येते. बसपाशी जाऊन तिला आणायचं, खाऊ घालायचं, संध्याकाळपर्यंत तिच्यासोबत राहायचं, हे माझं ठरलेलं होतं. खरं तर मला इकडे कायमचं बोलावलं ते याचसाठी, आणि आमचे हे गेल्यावर माझं मन कुठे रमलं असेल तर त्या पोरीतच. आता त्या दोघांची चर्चा अर्ध्या इंग्रजीत व्हायला लागली. त्यांना वाटायचं आईला इंग्रजी पटापट कळत नाही. "आफ्टरकेअरमध्ये सीट आहे का बघ," "गॅस आहे यार, रिस्क नको." आफ्टरकेअर म्हणजे शाळा सुटल्यावर मुलांना ठेवून घेतात ती सोय. टेलिफोन ऑपरेटरच्या पाठीमागे उभं राहून तिच्याविषयी बोलायचं म्हणजे कमालच!

स्मरणशक्ती तपासायला मला डॉक्टरकडे नेलं. मराठीसाठी फोनवर एक दुभाषा होता. त्याची लाइन इतकी खराब होती की मीच त्याला म्हटलं, "भाऊ, आधी तुमचं कनेक्शन नीट करा, मग माझं तपासा." कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, ते मी सुरेख काढलं. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मला तीन सांगता आले. मी म्हटलं, दोन शब्द तुमच्या खरखरीत गेले. मुलगा हसला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वयाप्रमाणे असू शकतं, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

घरी आल्यावर चहा ठेवायला गेले तर शेगडीच्या बटणांवर प्लॅस्टिकची पारदर्शक झाकणं. रांगत्या मुलांनी गॅस सुरू करू नये म्हणून मिळतात ती. दोन्ही बाजूंनी दाबल्याशिवाय उघडत नाहीत. सुनेने ती लावली होती आणि मला कसं सांगायचं ते न कळून ती वरच्या खोलीत जाऊन बसली होती. मला ती उघडता येत होती, पण मी उघडली नाहीत. मी चहाच प्यायले नाही. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती. नागपूरला जाऊन ताईजवळ राहावं, दोघी बहिणी एकमेकींना विचारत बसू, कधी येऊन राहिली तू.

मग एका शनिवारी सकाळी मी डेकवर बसले होते. फोन झाला होता. नात पायरीवर बसून दूध-सीरियल खात होती. आत कुकर लावलेला नव्हता, शेगडीला तर कुलूपच होतं म्हणा. आणि शिट्टी झाली. पूर्ण, जोरदार, शेवटी फुस्स करत विरणारी, आपल्या कुकरची शिट्टी. माझा हात गुडघ्यावर आपोआप आपटला. एक.

नातीने चमचा तसाच धरला. "आजी, लुक! दॅट बर्ड इज डूइंग द कुकर!"

कुंपणावर एक पक्षी बसला होता. साळुंकीएवढा, काळा, अंगावर ठिपके, पिवळी चोच. आमच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारी नळी भिंतीतून निघते, तिच्या तोंडाशी त्याचं घरटं होतं हे मला माहीत होतं, काड्या लोंबताना दिसायच्या. पण मी त्याच्याकडे कधी धड पाहिलं नव्हतं. त्याने गळ्याची पिसं फुलवली, पंख थोडे हलवले, आणि पुन्हा शिट्टी दिली. मग काहीतरी स्वतःचं गाणं, किरकिर, मायक्रोवेव्हची टिकटिक, आणि मग, देवाशपथ, "ऐकू येतंय का?"

मी नातीला म्हटलं, आईला बोलव, बाबाला बोलव, पळ. सून कणकेच्या हातानेच बाहेर आली. मुलगा दात घासत आला. तो पक्षी त्यांच्यासमोर गप्प बसला असता तर मी त्याला दगड मारला असता. पण नाही, बेट्याने सगळा कार्यक्रम पहिल्यापासून केला. मुलाने फोनवर रेकॉर्ड केलं. सगळं मग उलगडलं. कुकरची पहिली शिट्टी झाली की हा उत्तर द्यायचा, आणि मी वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत दोन शिट्ट्या त्याच्या मोजायचे. मुलगा हसता हसता पायरीवरच बसला. त्याने फोनवर वाचून सांगितलं, याला इथे स्टारलिंग म्हणतात, आपल्या साळुंकीच्याच घराण्यातला आहे, बाहेरून आणून सोडलेला, इथल्या लोकांना फारसा आवडत नाही.

"मला आवडतो," मी म्हटलं.

सुनेने आत जाऊन झाकणं काढली आणि खणात टाकली. मग माझ्यासमोर येऊन "सॉरी, आई" म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण खरं सांगते, मनातून मी जिंकले होते आणि ते मला लपवता येत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी त्या दोघांना सोडलं नाही. मुलगा काही विसरला की म्हणायचे, "अरे, डॉक्टरकडे जाऊन ये, घड्याळ काढून दाखव." आफ्टरकेअर कॅन्सल केलं. ताईला सगळी गोष्ट सांगितली. ती खूप हसली, आणि मग म्हणाली, "कधी येऊन राहिली तू?"

जूनअखेर पिल्लं उडाली आणि तोही गेला. मुलाने माणूस बोलावून नळीच्या तोंडाला जाळी लावून घेतली, घरट्याच्या काड्यांनी आग लागू शकते म्हणे. मला वाईट वाटलं, पण त्याचं काम झालं होतं. अंगणात आता दुसरे पक्षी येतात, त्यांना मराठी येत नाही.

सप्टेंबर लागला. दुपारी मी बसपाशी उभी राहते, नात उतरते, आम्ही दोघी पानं तुडवत घरी येतो. ती टेबलावर गणित करते, मी रात्रीचा कुकर लावते. दोन-तीन आठवडे सगळं छान चाललं. सून संध्याकाळी येऊन आयतं गरम वरण खायची आणि म्हणायची, "आई, तुम्ही आहात म्हणून." मी म्हणायचे, "बरं बरं."

त्या दिवशी मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. पहिली शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. मी उठले आणि गॅस बंद केला. वाफ जिरल्यावर झाकण काढलं, डाळीचा दाणा बोटाने दाबला. दाबला गेला नाही.

मी आधी हसले. म्हटलं, आला वाटतं परत! डेकवर गेले. कुंपणावर कुणी नव्हतं. छपराच्या पन्हाळीवर नव्हतं. नळीच्या तोंडाशी जाळी होती, तिच्यावर कोळ्याने धागा ताणला होता. मी बराच वेळ उभी राहिले आणि कान लावून ऐकलं. लांबून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, एवढंच.

आत येऊन मी नातीला विचारलं, "बाळा, कुकरच्या शिट्ट्या ऐकल्यास?"

"हो."

"किती?"

तिने पेन्सिल वर केली. "वन. आजी, वॉज इट द बर्ड अगेन?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. पोरीने मला ते हातात आणून दिलं होतं, फक्त घ्यायचं होतं. संध्याकाळी तिने आईला सांगितलं असतं, सगळे हसले असते, आणि उद्या दुपारी मी पुन्हा बसपाशी उभी राहिले असते. ते मला किती हवं होतं ते मी इथे लिहून सांगू शकत नाही.

मी तिला म्हटलं, "तू गणित कर." कुकरचं झाकण पुन्हा लावलं, गॅस पेटवला आणि स्टूल ओढून कुकरसमोर बसले. अशी कुकरकडे बघत मी कधी बसले नव्हते. शिट्टी वर उचलली जाताना पाहिली तेव्हाच मोजली. तीन वेळा. मग गॅस बंद केला, आणि खण उघडून ती प्लॅस्टिकची झाकणं काढली. लावताना दोन्ही बाजूंनी दाबावी लागतात. पहिलं बसेना, मग बसलं. बाकीचीही बसवली.

सून आली तेव्हा मी ओटा पुसत होते. तिने पर्स ठेवली, शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, हे कुणी लावलं?"

मी फडकं पिळलं. "पक्षी जूनमध्येच गेला ना गं," मी म्हटलं.