मॅडमनी सांगितलेला माझा आजार

मॅडम माइकवरून म्हणाल्या, "ऊठ बाळा. उभी राहा. सगळ्यांना दिसू दे."

मी उभी राहिले. सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत कुलगुरू आणि हार घातलेले पाहुणे. मागं सगळी पोरं. विद्यापीठाच्या नव्या आरोग्य केंद्राचं उद्घाटन होतं. रंगवलेल्या भिंती, योगासनांच्या चटया, दारावर फुलांचं तोरण.

"ही मुलगी मुखेडकडच्या एका वस्तीवरून आपल्याकडे आली," मॅडम म्हणाल्या. "आली तेव्हा शरीराची साधी स्वच्छता हिला माहीत नव्हती. लघवीच्या जागेचा संसर्ग घेऊन आली होती. तिचा दोष नाही तो. ज्या वातावरणातून ही मुलं येतात, तिथं शिकवणार कोण? आपण शिकवलं. आपण बरं केलं. आणि आज ही आपल्या विद्यार्थी सल्लागार समितीची सदस्य आहे."

टाळ्या.

मागं कुणीतरी 'लघवी' हा शब्द हळूच परत म्हणालं. दुसरा कुणी हसला. मग रांगच्या रांग हसली. पाहुण्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. अनाथ लेकराकडं बघून हलवतात, तशी. खाली बस, असं कुणी म्हणालं न्हाई. मॅडम पुढच्या मुद्द्यावर गेल्या आणि मी उभीच. शेवटी शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीनं, प्रणितानं, माझी ओढणी धरून मला खाली ओढलं.

मग पाहुणे बोलले. या भागाचा वेगळा जिल्हा झाला की सगळे प्रश्न सुटतील म्हणाले. त्यालाही टाळ्या पडल्या.

मॅडमच्या बोलण्यातलं मुखेड तेवढं खरं होतं. बाकी माझ्या घराबद्दलचं सगळं खोटं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आम्ही बौद्ध. आमच्या गल्लीला गाव अजून वस्तीच म्हणतं, ते म्हणो. पण घर आमचं स्लॅबचं. न्हाणीघराला पांढऱ्या फरशा. लहानपणी वडील रविवारी आम्हा भावंडांची नखं बघायचे, कानामागं बोट फिरवून बघायचे. मी घरून कुठलाच आजार घेऊन आले नव्हते. आजार मला विद्यापीठानं दिला.

विद्यापीठाचं नाव सांगत न्हाई. सांगून काय होतं? त्या वर्षीचा दुष्काळ सगळ्यांनी बघितलाय. नांदेडजवळचं विष्णुपुरीचं धरण तळाला गेलेलं, लातूरला नळ कोरडे, गावोगाव टँकरची वाट बघणारे हंडे. आमच्या मुलींच्या होस्टेलला टँकर यायचा तेव्हा यायचा. पाणी वाचवायचं म्हणून वॉर्डननं संडास-बाथरूमला कुलपं लावली. प्रत्येक मजल्यावर एकच उघडं. त्यातही बादलीत पाणी असेल तर. सकाळी रांग लागायची. रांगेत पोरी पाय आवळून उभ्या राहायच्या. तास बुडायचे.

मग पोरींनी स्वतःच उपाय काढला. पाणी प्यायचं बंद. जेवताना घोटभर, एरवी न्हाई. प्यायलं न्हाई तर जावं लागत न्हाई. मीही तेच केलं. माझ्या खोलीतली प्रणिताही तेच करायची. ती लोह्याकडची. घरी मोठी शेती, विहीर, दारात ट्रॅक्टर. पण होस्टेलच्या रांगेत तिचे हाल माझ्यासारखेच.

आम्हा दोघींना एकाच आठवड्यात उन्हाळी लागली. लघवीला जाताना आग. मग ताप. मग मला रक्त दिसलं. आरोग्य केंद्र तेव्हा म्हणजे एक खोली आणि कधीमधी येणारे एक डॉक्टर. त्यांच्यासमोर पोरी काय सांगणार? पोट दुखतं म्हणायच्या. गोळी घेऊन परत यायच्या.

मॅडम तेव्हा आल्या. समाजकार्य शिकवायच्या. समितीच्या अध्यक्षा त्याच. कुणाकडून तरी कळलं म्हणून थेट खोलीत आल्या, माझ्या खाटेवर बसल्या, कपाळाला हात लावला. "बाळा, इतकं होईपर्यंत बोलली का नाहीस?" म्हणाल्या. त्यांच्या गाडीत घालून दोघींना नांदेडला एका लेडी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरीणबाईनं तपासलं आणि मॅडमकडं बघून रागानं म्हणाली, "या पोरी पाणीच पीत नाहीत. लघवी दाबून धरतात. दुसरं काय होणार?"

मॅडमनी ते ऐकलं. मी साक्षीदार आहे. प्रणिता साक्षीदार आहे.

परत येताना गाडीत मी त्यांना सगळं सांगितलं. कुलपं, रांग, बादली, पाळीच्या दिवसांत पोरी काय करतात ते. आईला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्या गाडी चालवत ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. "हे समितीत यायला पाहिजे," म्हणाल्या. "मी तुला समितीवर घेते. मुलींचं म्हणणं मुलीनंच मांडायचं."

मला वाटलं, आपलं माणूस भेटलं.

मी खोल्याखोल्यांत फिरले. पोरींशी बोलले. बैठकीत मांडलं. कुलपं काढा. टँकर आधी मुलींच्या होस्टेलला पाठवा. लेडी डॉक्टर नेमा. एवढंच मागितलं. प्रणितालाही मीच समितीवर आणलं. मॅडम प्रत्येक वेळी म्हणायच्या, "छान मांडलंस. नोंद घेतली आहे." आणि झालं काय, तर आरोग्य केंद्राच्या त्या खोलीला रंग दिला. चटया आणल्या. ताण कमी कसा करावा याची चित्रं लावली. उद्घाटनाच्या दिवशी सभागृहापुढच्या हिरवळीला पाईपानं पाणी घातलं. आमचे संडास बंदच.

आणि मला उभं केलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्या हसल्या. "ये बाळा, बस."

"मॅडम, आजार मला होस्टेलमध्ये झाला."

"अगं, हो. पण लोकांना गोष्टीतून समजतं. मी तुझं कौतुकच केलं ना?"

"माझे वडील शिक्षक आहेत. आमच्या घरात असं काही नाही. तुम्हाला माहीत होतं."

"तपशिलात काय जातेस? त्यामागची भावना बघ."

"मग प्रणिताचं का नाही सांगितलं? तिलाही तेच झालं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज बदलला. "तिला उन्हाचा त्रास झाला होता. तिच्या घरचं वातावरण वेगळं आहे. उगीच कुणाला ओढू नकोस." आणि मग दाराकडं बघत, "तुम्हा लोकांचं हेच कळत नाही मला. चांगलं बोललेलंही टोचतं."

तुम्हा लोकांचं.

गाडीत डोळे पुसणाऱ्या बाईच्या तोंडातून ते आलं. मी उठून बाहेर आले. रडू आलं न्हाई. आलं असतं तर बरं झालं असतं.

उद्घाटनाची बातमी पेपरात आली. मॅडमचं भाषण, गरीब वस्तीतली मुलगी, माझं नाव, सगळं. मी घरी फोन करून खरं काय ते सांगितलं. दोन दिवसांनी वडील एस.टी.नं आले. हातात पाण्याचा मोठा कॅन. होस्टेलच्या फाटकाजवळ लिंबाखाली आम्ही बसलो. त्यांनी कॅन माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "न्हाणीघर-संडास मी लग्नाच्या आधी बांधलं. तुझ्या आईला बाहेर जावं लागू नये म्हणून."

"मला माहीत आहे बाबा."

"शाळेत सगळ्यांनी वाचलं. कुणी काही बोललं न्हाई. नुसते बघून राहिले." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू पाणी पीत नव्हतीस, ते घरी तेव्हाच का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही शिक्षण सोडून घरी चल म्हणाला असता."

"म्हणालो असतो," ते म्हणाले. "आता म्हणत न्हाई."

महिनाभरात विद्यापीठाच्या तपासणीला बाहेरून पथक येणार होतं. मॅडमनी निरोप पाठवला, 'तुला दोन मिनिटं बोलायचं आहे, उद्घाटनाला मी सांगितलं तेच सांग.' पथक आलं त्या दिवशी पहाटेच टँकर आला. कुलपं निघाली होती. फरशीवर फिनेलचा वास. पोरी एकमेकींकडं बघत होत्या. आपलंच होस्टेल आहे का हे.

बैठकीत माझी बोलायची पाळी आली. मी म्हणाले, "मी आजारी पडले ते इथं. संडासाला कुलूप असतं. पाणी न्हाई म्हणून आम्ही पाणी पीत न्हाई. मॅडमनी माझ्या घराबद्दल जे सांगितलं ते खोटं आहे."

मॅडमचा चेहरा दगड. पथकातले एक साहेब म्हणाले, "आम्ही सकाळीच होस्टेल पाहिलं. सगळं उघडं होतं. स्वच्छ होतं." मग ते प्रणिताकडं वळले. "तुम्ही त्याच होस्टेलला ना? काही अडचण?"

प्रणितानं माझ्याकडं बघितलं न्हाई. टेबलाकडं बघितलं.

"न्हाई सर," ती म्हणाली.

चहा आला. बिस्किटं आली. बैठक संपली.

खोलीत आल्यावर मी तिला विचारलं, "का गं?"

ती कपडे घडी घालत होती. "घरी माझ्यासाठी स्थळं बघून राहिलेत. लघवीच्या आजाराची पोरगी म्हणून नाव झालं तर कोण करंल मला?"

"माझं झालं की नाव."

"तुझं वेगळं हाय," ती म्हणाली.

"काय वेगळं?"

तिनं पुढचा कपडा उचलला. तिला बोलायची गरज नव्हती. मॅडमनी जे माइकवरून सांगितलं, तेच हिनं कपडे घडी घालता घालता सांगितलं होतं. एका ताटात जेवलो होतो. एका गाडीत कण्हत गेलो होतो. मॅडमचं लागलं होतंच. हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कुलपं परत लागली. माझं नाव समितीतून काढल्याचं कळलं. प्रणिता राहिली.

त्या सकाळी मी तांब्याभर पाणी प्याले. सगळं. प्रणिता बघत होती. मग खाली उतरले आणि थेट प्रशासकीय इमारतीत गेले. तळमजल्यावर अधिकाऱ्यांचं संडास आहे. नळाला पाणी, आरसा, साबण. दारावरचा शिपाई म्हणाला, "ताई, हे स्टाफचं हाय."

"मामा, लघवीला आलेय. कुठं जाऊ ते तुम्ही सांगा."

तो बाजूला झाला.

बाहेर आले तर आमच्या मजल्यावरच्या पोरी दारात. माझ्या मागं मागं आलेल्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं. त्यांनाही लागली होती, एवढंच. दुपारी आणखी आल्या. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांपर्यंत रांग. घोषणा न्हाई, फलक न्हाई. पाणी प्यायचं आणि इथं यायचं. साहेब लोक फायली घेऊन रांगेच्या बाजूनं अंग चोरून जाऊ लागले. एका साहेबांनी वॉर्डनला बोलावून झापलं. वॉर्डननं आम्हाला घरी कळवायची धमकी दिली. एका पोरीचा भाऊ खरंच येऊन तिला घेऊन गेला. ती परत आली न्हाई.

मॅडम आल्या. "हा काय तमाशा चालवलाय?"

"तमाशा न्हाई मॅडम. लघवीला आलोत."

"तुमच्या होस्टेलला जागा नाही का?"

"कुलूप आहे," मी म्हणाले. सगळ्यांसमोर. मोठ्यानं. त्याच बाईनं माझ्या लघवीची गोष्ट माइकवरून सांगितली होती. आता मला कशाची लाज वाटणार होती?

आठवडा झाला आणि कुलपं निघाली. टँकर रोज येऊ लागला. सूचनाफलकावर कागद लागला. समितीच्या शिफारशीवरून विद्यार्थिनींची सोय केली म्हणे. खाली मॅडमची सही.

मग मॅडमनी मला परत बोलावलं. आवाज पहिल्यासारखा गोड. नवीन कार्यक्रम होता. पत्रकावर माझा फोटो छापायचा होता. "झालं गेलं विसर बाळा. तुला समितीत परत घेते."

"आजार कशानं झाला ते फोटोखाली छापणार का?"

"ते कसं छापता येईल?"

"मग माझा फोटो न्हाई. माझं नाव न्हाई. आणि मला बाळा म्हणू नका."

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी ते बघायला थांबले न्हाई.

प्रणिताचं लग्न झालं. पत्रिका आली, मी गेले न्हाई. ते विद्यापीठ सोडून आता मला बरीच वर्षं झाली. दर उन्हाळ्यात दुखणं परत डोकं काढतं. डॉक्टर म्हणतात, सुरुवातीलाच नीट उपचार व्हायला पाहिजे होते. मॅडम अजून कुठंकुठं भाषणं देतात. त्यांच्या भाषणात एक वस्तीवरची मुलगी असते, असं ऐकते. असू दे. ती मी न्हाई.

मी आता लातूरला एका कॉलेजात शिकवते. इथंही समित्या आहेत. मुलींसाठी काय काय केलं ते लोक येऊन सांगतात. अमुकीला आम्ही बरं केलं म्हणतात. मी मान डोलवत न्हाई. आधी विचारते, ती आजारी कुणामुळं पडली होती? उत्तर येईपर्यंत बैठक पुढं सरकू देत न्हाई.