फ्रिजमधला लाडवांचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच — ती अंथरुणाला खिळली होती तेव्हाही नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

डिंकाचे लाडू कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का? मी ठेवायचो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघं राहायचो — मी सांगलीचा, अविनाश नागपूरचा. एकाच टीमचे पगारी सायकलपटू. महाराष्ट्र मंडळातल्या काका-काकूंना आमचं कोण कौतुक! ताकदीचं गुपित विचारलं की मी म्हणायचो, आईचे लाडू. सगळे हसायचे. अविनाश मात्र ते खरं मानायचा.

पहिल्या वर्षी चढावर तो माझ्या पुढे असायचा. दुसऱ्या वर्षी मी इंजेक्शनं घ्यायला लागलो — तांबड्या पेशी वाढवणारी, बंदी असलेली. बरेच जण घ्यायचे... पण ते राहू द्या. बाटल्या थंड ठेवाव्या लागत. म्हणून त्या डब्यात, लाडवांच्या खाली. दुसऱ्याच्या आईनं पाठवलेल्या डब्याला अविनाश न विचारता हात लावणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्याच्या चांगुलपणाच्या आड मी लपलो होतो.

एकदा त्यानं सरळच विचारलं. "खरं सांग यार, तू काही घेतोस का? निदान मला कळेल तरी, की माझं काही चुकत नाहीये."

किती सोपं होतं! एक 'हो' — बस. मी म्हणालो, "वेडा आहेस का? ट्रेनिंग वाढव."

त्यानं वाढवलं. अर्धपोटी राहिला, अंगात ताप असताना सायकल चालवली, आणि मागेच पडत गेला. सीझन संपायच्या आत टीमनं त्याला काढून टाकलं. "माझ्यातच दम नव्हता, बाबा," असं तो फोनवर वडिलांना सांगत होता, तेव्हा मी शेजारी बसून वरणभात जेवत होतो. मी भित्रा होतो. दुसरा शब्द नाही.

त्यानं पुन्हा कधी सायकलला हात लावला नाही, असं नंतर कळलं.

निघायच्या दिवशी बॅग खांद्याला लावून तो फ्रिजपाशी थांबला. दारावर हात ठेवून म्हणाला, "दोन लाडू घेऊ का रे, विमानात खायला?"

"संपले," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला, आणि गेला. डबा अर्धा भरलेला होता.