मानसिंगदादांचा पहिला ठोका

माझं माहेर हिर्डोशीचं. लहानपणी दसऱ्याच्या दुपारी आम्ही पोरी नव्या परकरांत बांधावर उभ्या राहायचो आणि देवळाकडून संबळ ऐकू आला की घराकडे पळत सुटायचो, "पालखी उठली गं!" तो संबळ मानसिंगदादांचा. कमरेला बांधलेलं थोरलं भांडं घुमायचं, धाकटं कडकडायचं. देवीची पालखी उठताना पहिला ठोका त्यांच्याच घरचा, हा मान त्यांच्या आजोबांपासूनचा. माझ्या लग्नातही तेच वाजवायला होते. भोरला निघताना मी रडायला लागले, तर म्हणाले, "रडू नगं ताई. लई लांब न्हाई भोर, येष्टीत बसलीस की आलीस."

यंदा श्रावणात दादा बांधावरून घसरले. उजव्या मनगटाचं हाड जुळलं, पण जोर गेला. संबळाला चामड्यावर सपकन काडी ओढावी लागते, ती ओढवेना. देवस्थानचे थोरले रखमाजीबाबा म्हणाले, "औंदा वाजलं तर मान तुमचा. न्हाईतर पुढच्या सालापास्नं वरच्या आळीला द्यावा लागंल. देवीला थांबवता येत न्हाई."

त्या दिवसापासून दादा रोज संबळ खुंटीवरून काढत, पुसत आणि परत अडकवून ठेवत, असं त्यांची बायको रत्नावहिनी मला फोनवर सांगायची.

वाट काढली ती कापूरहोळच्या पप्पूनं. हा टेम्पोत स्पीकर लावून लग्नांत वाजवतो. मागच्या साली त्यानं हौसेनं दोन माईक लावून दादांचा संबळ आपल्या इलेक्ट्रॉनिक पॅडमध्ये भरून घेतला होता. रबराच्या चौकोनावर बोट टेकवलं तरी दादांचाच ठोका उमटे. त्यानं ते पॅड महिनाभर त्यांच्या घरी ठेवलं. दादा कानाला हेडफोन लावून ओसरीवर बसत. बाहेर नुसती टकटक ऐकू येई.

"शेजारीन म्हनती, तुमचे धनी रबर बडवाय लागले," वहिनी हसायची.

दसऱ्याला मी पोचले तेव्हा पालखी सजली होती. पप्पूनं पॅडची वायर मिक्सरला जोडली, मिक्सर टेम्पोतल्या स्पीकरला. दादांनी बोट टेकवलं आणि नुसतं खरखर, खरखर. पप्पूनं वायर उपसून शेजारच्या भोकात घातली. आवाज स्वच्छ आला. पण दादांचा चेहरा उतरला.

"ह्यात थोरलं न्हाई."

"वाजतंय की, काका!"

"धाकटं वाजतंय. थोरलं कुठाय?"

खरंच, सगळं कडकड, घुमणं कुठेच नाही. मी चष्मा लावून वाकले. पहिल्या भोकाशी इंग्रजी एल होता, दुसऱ्याशी आर. "पप्पू, ह्या डाव्या-उजव्या बाजू ना?"

"व्हय ताई. थोरलं डाव्या बाजूला भरलंय म्या, धाकटं उजव्या. डावीत वायर घातली की दोन्ही एकत्र येत्यात. पर डावी तर खरखरतीय..." त्यानं मोबाईलचा उजेड भोकात पाडला आणि डोक्याला हात लावला. "काकी, ह्यात काय घातलंय?"

रत्नावहिनीनं पदर तोंडाशी नेला. "काल खंडेनवमी न्हवती का? संबळाची पूजा केली, तवा ह्येच्यावरबी हळदकुकू वाह्यलं. वाद्यच हाय न्हवं ते."

"वर लावायचं, काकी! भोकात कशाला?"

"मला काय म्हाईत त्येचं कपाळ कुठं असतंय!"

भोवतालची माणसं खो-खो हसली. दादा हसले नाहीत. पप्पू काडीनं कुंकू कोरत होता. ते पूजेच्या तेलात भिजून घट्ट बसलं होतं. तिकडे भोई खांदा द्यायला उभे राहिले. रखमाजीबाबांनी वरच्या आळीच्या वाजवणाऱ्याकडे एकदा पाहिलं. मी पाहिलं तसं दादांनीही पाहिलं.

मग ते एकदम म्हणाले, "पप्पू, सकाळी कानात घातलं तवा दोन्ही ऐकू येत हुती."

"ते हेडफोनचं भोक, काका."

"मग थितनंच काढ की भाईर!"

पप्पू टेम्पोकडे धावला. मोबाईलवरची गाणी लावायची त्याची वायर एकीकडे एका तोंडाची आणि दुसरीकडे दोन तोंडांची होती. एक तोंड हेडफोनच्या जागी गेलं, दोन मिक्सरला. आवाज आधी कमी ठेवून तो हळूहळू चढवत गेला.

दादांनी डोळे मिटून बोटं टेकवली.

थोरलं घुमलं. त्याच्या अंगाला बिलगून धाकटं कडकडलं. माझ्या पायांना पळावंसं वाटलं, या वयात. पालखी उठली.

देवी शिवेवरून परत आली तेव्हा रखमाजीबाबांनी मानाचा नारळ पुढे केला. दादांनी डावा हात पुढे नेला, मग ओशाळून मागे घेतला. उजव्यात तो पेलणार नव्हता.

"उजवाच कर," बाबा म्हणाले. नारळ त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्या हाताखाली आपला हात धरून उभे राहिले.