डाव्या दाराची पट्टी

जगात रंग उडालेली एकही वस्तू शिल्लक राहू नये, निदान पनवेलात तरी राहू नये, एवढ्यासाठीच देवाने आमच्या साडूंना जन्माला घातलं असावं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्या लग्नात त्यांनी मला ‘या पाहुणे’ अशी जी हाक मारली ती आजतागायत बदललेली नाही. आता आम्ही एकाच सोसायटीत समोरासमोर राहतो, त्यांच्या कुंडीतला कढीपत्ता आणि आमच्या घरचं विरजण यांची रोज ये-जा असते, तरी मी अजून पाहुणाच. साडू कुठल्याही वस्तूला ‘जुनी’ म्हणत नाहीत, ‘दमलीय’ म्हणतात. खुर्ची दमलीय, मिक्सर दमलाय, जिन्यातला स्विचबोर्ड फारच दमलाय. एकदा माझ्या डोक्याकडे बराच वेळ निरखून ते म्हणाले, "पाहुणे, हे मात्र दमण्याच्या पलीकडे गेलंय." मी हसलो, पण तेव्हापासून त्यांच्याकडे जाताना मी टोपी घालतो. न जाणो, मापाचा तुकडा कापून तयार असायचा.

कारण दमलेल्या वस्तूवर त्यांच्याकडे एकच इलाज आहे, तो म्हणजे विनाइल. रिक्षाच्या पाठीवर मुलांची नावं आणि गरुडबिरुड चिकटवतात ना, त्याच जातीचा तो चिकट, ताणला जाणारा प्लास्टिकचा पातळ कागद. आपल्याकडे सगळे त्याला सरसकट रेडियम म्हणतात. नोकरीत असताना साडू तळोज्याच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे, म्हणजे रंगांशी त्यांचा संबंध लाल आणि निळ्या शाईपुरताच. पण निवृत्त झाल्यावर कोन गावाच्या रस्त्यावरच्या रेडियमवाल्याकडे स्कूटरचा नंबर लिहून घ्यायला गेले, आणि तिथे त्या माणसाने एक राखाडी बंपर डोळ्यांदेखत काळाभोर करून दाखवला. साडू घरी आले ते वेगळेच होऊन. आधी रिमोट गुंडाळला गेला, मग गॅसची शेगडी ठेवायचा ओटा, मग फ्रिज. फ्रिजला त्यांनी सागवानी लाकडाचं विनाइल लावलं आणि ते इतकं झकास बसलं की चिरनेरहून आलेल्या एका वयस्कर नातेवाइकांनी कपाट समजून त्यात आपली छत्री आणि पायमोजे ठेवले. ताईंना, म्हणजे साडूंच्या पत्नीला, ते संध्याकाळी कोथिंबीर काढताना सापडले. नातेवाईक लाजले, ताई संतापल्या, साडू मात्र आनंदाने नुसते फुलून आले होते. "बघितलंत? ओळखू आलं नाही!" कलाकाराला याहून मोठी दाद कुठली?

सूर्याशी त्यांचं वैयक्तिक वैर आहे. रंग उडवतो तो सूर्य, म्हणून त्यांची गाडी उन्हात एक क्षण उभी राहत नाही. सकाळी ती पाण्याच्या टाकीमागे असते, सावली सरकली की जिमखान्याच्या भिंतीलगत, मग आंब्याखाली, आणि संध्याकाळी पुन्हा टाकीपाशी. साडू हातात चहाचा कप घेऊन दर वेळी खाली उतरतात आणि गाडी हलवतात. अशी ती गाडी कुठेही न जाता रोज सोसायटीला प्रदक्षिणा घालते. आमची ही घड्याळ न बघता सांगते, "भाऊजींची गाडी आंब्याखाली आली, आता कुकर लावते." एवढं जपूनही पनवेलचं ऊन आणि खाडीवरून येणारा खारा वारा यांनी आपलं काम केलंच. पांढरी गाडी अजून टवटवीत आहे, पण बंपर, आरशांची टोपणं, दरवाजांच्या काचांखालच्या पट्ट्या, असं जे जे काळं प्लास्टिक होतं ते हळूहळू चुलीतल्या राखेसारखं झालं. माझ्या गाडीचंही तसंच झालंय, पण माझा आणि माझ्या गाडीचा चेहरामोहरा एकत्रच उतरत गेल्यामुळे मला ते कधी खटकलं नाही.

खरी गोष्ट सुरू झाली ती ताई पुण्याला गेल्यावर. त्यांचे गुडघे फार वर्षं त्रास देत होते. शेवटी लेकीने त्यांना पुण्याला नेलं, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, मग व्यायाम, मग विश्रांती, मग पावसाळा आहे म्हणून थांबा, मग नातीची परीक्षा आहे म्हणून थांबा. साडू रोज संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकून बोलायचे आणि मी विरजणाचं भांडं घेऊन तिथे हजर असायचो. एकदा ताई म्हणाल्या, "अहो, लेकीच्या गाडीत बसलं की सीट कशी आपोआप वर येते! आणि मला न्यायला याल तेव्हा ती आपली राखाडी गाडी नका हं आणू. तिच्याकडे बघूनच गुडघे दुखायला लागतात."

"मग कशातून येणार?" साडूंनी विचारलं.

"नाही तर राहते इथंच. लेक म्हणतेच आहे, आई, राहा की."

ताई हसत होत्या. मीही हसलो. साडू हसले नाहीत. फोन ठेवून ते त्या लाकडी फ्रिजकडे बघत म्हणाले, "पाहुणे, गाडीच्या पट्ट्या दमल्यात. उद्या सकाळी खाली या. आणि येताना तुमच्याकडचा हेअर ड्रायर आणा."

हेअर ड्रायरचा आणि माझा संबंध तुटून जमाना झाला, पण हिचा होता तो घेऊन गेलो. रेडियमवाल्याकडून काळ्या विनाइलची गुंडाळी आली होती. "काका, दुल्हन आणताय की काय गाडीतून? इन्शाल्ला मस्त दिसेल," असं तो म्हणाल्याचं साडूंनी मला दोनदा सांगितलं. मग आंब्याखाली कार्यशाळा भरली. आधी साबणाने धुवायचं, मग स्पिरिटने पुसायचं, मग मागचा कागद सोडवत विनाइल अलगद टेकवायचं, ड्रायरने ऊब देत ताणायचं, कापड गुंडाळलेल्या पट्टीने मधून कडेकडे हवा काढायची आणि उरलेली कड ब्लेडने कापून आत खोचायची. "ऊब द्यायची, चटका नाही द्यायचा," साडू म्हणाले. "फार तापवलं की ते रुसतं. माणसासारखंच आहे." ड्रायर धरायचं काम माझ्याकडे होतं. मी पहिल्याच झटक्यात साडूंच्या मनगटाला चटका दिला. ते रुसले नाहीत, पण त्यांनी माझी बदली केली. "तुम्ही असं करा पाहुणे, डाव्या बाजूच्या पुढच्या दाराची ती काचेखालची पट्टी घ्या. सरळ आहे, सोपी आहे. कुणालाही जमेल."

‘कुणालाही’ या शब्दात मी बसत नाही हे मला शाळेत हस्तकलेच्या तासालाच कळलं होतं. पण मनात म्हटलं, पन्नाशी उलटली, आता जमायला हरकत नाही. मी पट्टी धुतली, पुसली, श्वास रोखून विनाइल चिकटवलं. पहिल्यांदा त्यात पुरीसारखे टम्म फुगे आले. दुसऱ्यांदा फुगे आले नाहीत, पण मी मागे सरून कौतुकाने बघत असतानाच ते मधून सुटलं आणि हळूहळू लोंबायला लागलं. तेवढ्यात करंजाहून मासळी घेऊन येणारी मावशी पाटी डोक्यावर घेऊन आत आली. ती थांबली, लोंबणाऱ्या पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय ओ दादा, बोंबील वालत घातलाव काय? आमच्या करंज्याला पन असंच लोंबतात. पन हितं तर ऊन नाय, वालनार कवा?" वरच्या गॅलरीतून आमची ही इतकी खळखळून हसली की तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. तो नेमका माझ्या डोक्यावर पडला, म्हणून निदान चेहरा तरी झाकला गेला.

तोपर्यंत साडूंनी बाकीची सगळी गाडी काळीभोर केली होती. बंपर असा की हात लावावासा वाटेना. "सरका," म्हणून त्यांनी माझ्याकडची पट्टी स्वतः घेतली. त्यांचीही सुटली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्यांनी पुन्हा तुकडा कापला, ऊब दिली, दाबला, आणि तो पुन्हा नेमका मधोमधच सुटला. "तुम्ही पुसलंच नसेल नीट," असं पुटपुटत त्यांनी स्वच्छ पांढरं फडकं स्पिरिटमध्ये बुडवून ती पट्टी जोर लावून घासली. फडक्यावर पिवळट, तेलकट डाग उमटला. साडूंनी ते फडकं नाकाशी नेलं. मग माझ्यापुढे धरलं.

मलाही तो वास लगेच ओळखू आला. त्यांच्या घरात शिरलं की पहिल्यांदा हाच वास यायचा, फोडणीच्याही आधी. ताईंचं गुडघ्यांना चोळायचं तेल. बाहेर पडायच्या आधी दोन्ही गुडघ्यांना ते जिरवायचं, घाईत हात अर्धवट पुसायचे, आणि खाली येऊन उघड्या दाराची ती पट्टी घट्ट धरून, "अगं आई गं" करत गाडीत चढायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. मी वाकून बघितलं. बाकी पट्टी दोन्हीकडे राखाडी पडली होती, पण मधला तळहाताएवढा भाग तेल पिऊन पिऊन काळाशार राहिला होता. आम्ही चिकटवलेल्या नव्या विनाइलहूनही काळा.

"आणखी स्पिरिट आणू का?" मी विचारलं. "दोन-चार वेळा घासलं की निघेल सगळं."

"नको," साडू म्हणाले. त्यांनी फडक्याची घडी घातली. "इथला रंग उडालेला नाही, पाहुणे. ड्रायर बंद करा."

ज्या माणसाला जिन्यातला एक स्विच दुसऱ्याहून फिका चालत नाही, तो माणूस बायकोला आणायला एक पट्टी राखाडी ठेवलेली गाडी घेऊन पुण्याला निघाला. मदतनीस म्हणून मागच्या सीटवर मी होतो. बोरघाट संपल्यावर साडू म्हणाले, "नाही म्हणाली तर?" मी म्हटलं, "बंपर फार छान झालाय." वेळेला धावून येणारं बोलणं मला कधीच जमलेलं नाही.

ताई लिफ्टमधून बाहेर आल्या त्या काठीशिवाय, ताठ, भराभरा चालत. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. "अगंबाई! कुणाची गाडी मागून आणलीत?" साडूंचा चेहरा असा उजळला की सूर्याशी वैर असलेल्या माणसाला ते शोभेना. मग ताई डाव्या दारापाशी थांबल्या. "आणि ही एवढीच कशी राहिली हो? रेडियम संपलं का?"

साडूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "ती पाहुण्यांकडे दिली होती," ते म्हणाले.

"हो ताई," मी म्हटलं, "मला नाही जमलं."

"तरीच," ताई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं. नव्या गुडघ्यांना आता आधाराची काही गरज नव्हती. पण त्यांचा हात आपसूक त्या पट्टीवर गेला, बरोबर त्या काळ्या जागेवर, आणि बसण्याआधी थोडा वेळ तिथेच राहिला. लेक म्हणाली, "आई, अजून आठ दिवस राहा ना गं." ताई आत बसत म्हणाल्या, "नको बाई. घरी यांनी आणखी काय काय गुंडाळलंय ते बघायला हवं." साडू मात्र उगाचच पुढची काच पुसत उभे होते. काच स्वच्छ होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी खाली जाऊन माझ्या गाडीचं डावं दार तपासलं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी राखाडी. एवढी वर्षं ही माझ्या शेजारी बसतेय, पण बोटभरही काळी खूण नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात निघताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "जरा दाराला धरून बस की."

"मला काय धाड भरलीय धरायला?" असं म्हणून ती टुणकन आत बसलीसुद्धा.

खरंच होतं. तिचे गुडघे अगदी ठणठणीत आहेत. ते तसेच राहोत. मी दार लावून घेतलं आणि जाता जाता त्या पट्टीवरून उगीच एकदा हात फिरवला. राखाडी तर राखाडी.