धोंड्याची अंगठी

अधिक महिन्यात सासरा मला धोंड्याला बोलवतो. पोटभर जेवू घालतो, नवे कपडे करतो. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला त्यानं सोन्याची अंगठी घातली, बराबर बसली. पुढचा धोंडा येईस्तोवर ती बोटात रुतून बसली. साबण लावला, तेल लावलं, निघंचना. मी बायकोला म्हणलो, "तुझ्या बापानं हलकं सोनं घातलं. हलकं सोनं आकसतं."

"सोनं कुठं आकसतं का?"

"तुला काय माहीत? माल पाहून कळतं."

मी शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई, पण बोलायला कधी थांबलो न्हाई. मस्तगडातल्या सोनाराकडं जाऊन अंगठी कापून घेतली. सोनार म्हणला, "सोनं चोख हाय, तुमचं बोट दाखवा कुणाला तरी." मी समजलो, हाबी सासऱ्याला सामील.

मंग एका धोंड्याला टोपी आली, ती कपाळावरच बसली. बूट आले, त्यात टाच जाईना. सासऱ्यानं जुन्या मापावर आणले व्हते. मी सगळ्या पाव्हण्यात म्हणलो, "मामा, ह्या टोपीत डोकं घालू का लिंबू?" लोक हसले. सासरा गरीब माणूस, खाली पाहून राह्यला.

आमची थोरली पाचवीतच उंचीनं मास्तराच्या डोक्याला लागली. मी गावभर मिरवलो, पोरगी माझ्यावर गेली म्हणून. ती म्हणायची, "पप्पा, डोकं दुखतंय." मला वाटायचं, शाळा बुडवायचे बहाने. मंग ती चौकटीला धडकाया लागली. बाजूनं आलेली मोटारसायकल तिला दिसंना. मंठ्याच्या डॉक्टरनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं मशीनमधी घालून फोटो काढला. नाकाच्या मागं, मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी ग्रंथी असती म्हणे, अंगाची वाढ तीच पाहती. तिच्यावर गाठ झाल्ती आन् गाठीनं डोळ्याच्या नसा दाबल्या व्हत्या. नाकातून ऑपरेशन झालं. पोरगी वाचली, पण उजव्या बाजूचं दिसायचं गेलं ते गेलंच.

तिथंच एक मॅडम आल्या. लहान लेकरायला अशी गाठ का होते, ते त्या शोधून राह्यल्या व्हत्या. म्हणल्या, "तुमचं, ताईंचं आणि धाकट्या मुलीचं रक्त पाहिजे."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. आजारी एक पोरगी आन् रक्त सगळ्या घराचं? मी इचारलं, "आमच्या रक्ताचं करता काय तुम्ही?"

"दादा, नाही दिलं तरी थोरलीचा इलाज चालूच राहील. पण हे घराण्यातून आलं असेल, तर धाकटीला आधीच तपासता येईल. डोळ्यावर जायच्या आत."

"घराण्यातून आलं असंल तर हिच्या. हा माझा सासरा, काढा ह्याचं."

सासरा डबा घेऊन आल्ता. त्यानं लगेच बाही वर केली.

मॅडमनं त्याच्याकडं पाह्यलंच न्हाई. त्या माझ्या हाताकडं पाहत व्हत्या. "दादा, चप्पल कितीची लागते? आधीपासून तेवढीच?"

मला तर मोकळं रानच सापडलं. अंगठी, टोपी, बूट, सासऱ्याची सगळी कंजुशी सांगितली. मॅडम लिहून घेत व्हत्या. मी खूश. चला, आपली तक्रार घेणारं कुणीतरी भेटलं.

"लग्नातला फोटो आहे का?"

बायकोच्या मोबाइलमधी व्हता. मॅडमनं फोटो पाह्यला, मला पाह्यलं, परत फोटो पाह्यला. मीबी वाकून पाह्यलं. फोटोतल्या पोराचा जबडा बारीक, नाक सरळ, मुंडावळ्या बांधलेला. कुणाचा तरी भाऊ वाटला.

बायको हळूच म्हणली, "मला वाटायचं, वयानं माणूस भरतो."

"अंगठी लहान झाली नव्हती दादा," मॅडम म्हणल्या. "बोट वाढत होतं. तुम्हालाही ती गाठ असेल, मशीनमधला फोटो काढावा लागेल."

सासऱ्याची बाही अजून वरच व्हती. तो म्हणला, "जावईबापू, टोपी मापाचीच व्हती." बस, तेवढंच बोलला.

मी हात पुढं केला.

गाठ मलाबी निघाली. रक्तातला दोष माझा, तोच थोरलीत, आन् धाकटीतबी. पण धाकटीची ग्रंथी आज साफ हाय. मॅडम म्हणल्या, दोष असला म्हणजे गाठ होतेच असं न्हाई, बऱ्याच जणायला कधीच होत न्हाई. फक्त तपासणी चुकवायची न्हाई.

मी गाठीवरचं इंजेक्शन घेऊन राह्यलो, पण धाकटीच्या बाबतीत भरोसा बिलकुल न्हाई. धाकटी उंबऱ्यातून आत आली की चौकटीकडं पाहतो. घास टाकला तर पाहतो, डोकं दुखतंय का. मॅडमनं एक तपासणी घरी करायला शिकवली. धाकटीनं समोर पाहायचं, मी बाजूला बोट हलवायचं, दिसलं की तिनं सांगायचं.

परवा बोट हलवलं तर बाजेवरून थोरली म्हणली, "पप्पा, तुमचं बोट हाय का केळं? ते मला माझ्या आंधळ्या बाजूनंबी दिसतंय. बारक्या बोटाचं माणूस बोलवा."

पोरगी खरंच माझ्यावर गेली. पण बोलली बराबर. एवढ्या बोटानं तपासणी खोटी पडली तर? म्हणून सासऱ्याला बोलावून घेतलं. आता तो धाकटीच्या बाजूला बसून काडीसारखं बोट हलवतो. ती म्हणती, "दिसलं आबा." आन् मी मागं उभा राहून पाहतो, म्हातारा नातीच्या मायेनं बोट जरा डोळ्यापुढं तर घेऊन न्हाई राह्यला.