एका मोसमाचे उस्ताद

"डोळे मिटा," असं म्हणतच उस्ताद मैदानात यायचे. चपला कडेला, चेंडू काखेत, नमस्कार-चमत्कार काही नाही. आम्ही अकराजण डोळे मिटून उभे राहायचो.

"नामदेव कुठं हाय?"

"डावीकडं, उस्ताद."

"किती लांब?"

चुकलं की मैदानाला एक फेरी. पहिल्या आठवड्यात एवढ्या फेऱ्या झाल्या की चेंडूला पाय लावायला सवडच मिळाली नाही. जुन्या जालन्यातले दुकानदार बघायला येत आणि पोट धरून हसत. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता.

आमची फुटबॉल टीम जालन्यातल्या एका जिनिंग मिलची. खेळतो म्हणूनच आम्हाला तिथे नोकऱ्या मिळाल्या होत्या. मी कापसाच्या वजनकाट्यावर होतो आणि मैदानात बॅकला. आदल्या मोसमात आम्ही एकही सामना जिंकलो नाही. मॅनेजरसाहेबांनी बजावलं, "यंदा कप आला नाही तर टीम बंद." टीम बंद म्हणजे नोकरी बंद, हे वेगळं सांगायला नको होतं. त्याच महिन्यात त्यांनी हे उस्ताद आणले.

भोकरदनकडच्या धनगराच्या घरातला माणूस. निजामाच्या फौजेत फुटबॉल शिकले, ती फौज मोडल्यावर गावी जाऊन पुन्हा मेंढरं राखू लागले. "मेंढरं राखणारा सारखा मागं वळून बघत न्हाई. त्याला बराबर ठावं असतं, कोन कुठं हाय." त्यांचं फुटबॉलचं सगळं शास्त्र एवढंच.

वाटूरला एक सराव सामना होता. गोलाच्या हव्यासाने आम्ही सगळेच पुढे धावत सुटलो, मागे रान मोकळं. उस्तादांनी कडेवरून मेंढपाळाची लांब हाक दिली. आम्हाला मागे बोलवायला ते तीच हाक द्यायचे. आम्ही काही वळलो नाही. शेजारच्या पडीक रानात चरणारा मेंढरांचा कळप मात्र वळला आणि थेट मैदानात शिरला. रेफरी शिट्ट्या फुंकून थकला. उस्तादांनी सावकाश कळप बाहेर नेऊन घातला आणि ते आमच्यापाशी आले.

"पाह्यलं? वळख न्हाई, पाळख न्हाई, तरी एका हाकेत आली. तुमाला तर मी दोन महिन्यापासून बोलावून राह्यलो."

लाज वाटली. त्यानंतर आम्ही वळू लागलो आणि जिंकूही लागलो. अखेरच्या सामन्यात औरंगाबादच्या टीमशी बरोबरी चालू असताना मी मान वर न करताच चेंडू डावीकडे मारला. नामदेव तिथे होता. त्याने गोल केला, कप मिळाला, साहेबांनी पेढे वाटले. उस्ताद पेढा खात मला म्हणाले, "नामदेव दोन हात पुढंच होता."

पण साहेबांना आता कपाची चटक लागली. त्यांनी उस्तादांना सांगितलं, "हैदराबादहून चार गडी आणू. इथले कोणते चार काढायचे, त्यांची नावं लिहून द्या."

उस्तादांना लिहिता येत नव्हतं. ते काट्यावर माझ्याकडेच आले. "कागद घे. काढायची नावं लिवायची हायती."

त्या चौघांत मी असणार, याची मला खात्री होती. त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं, गावासकट. मी लिहिलं आणि विचारलं, "हा कोण, उस्ताद? आपल्यात या नावाचं कुणी नाही."

"मीच की."

अख्खा मोसम गेला, पण त्यांचं नाव विचारायचं आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं.

"आणि बाकीचे तीन?"

"संपली यादी. साहेबाला म्हन, काढायजोगा एवढाच गावला."

साहेबांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि हैदराबादचा विषय पुन्हा कधी काढला नाही. उस्तादांनाही थांबा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भोकरदनची मोटार सुटली तेव्हा मोटार अड्ड्यावर आम्ही अकराजण उभे होतो, आणि अकराही जणांची नोकरी शाबूत होती.